कुरसुरा दिवसाला बाराच किलोमीटर का चालली?

आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली. एकतीस वर्षांच्या नोकरीत ती ७३,५०० सागरी मैल चालली. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हे झाले साधारण १ लाख ३६ हजार किलोमीटर. आकडा ऐकायला दणदणीत वाटतो. पण जरा भागाकार करून बघा. दिवसाला जेमतेम बारा किलोमीटर पडतात. बेळगावातून निघून सांबऱ्याच्या थोडं पुढं जायचं आणि थांबायचं, एवढंच.

मग एकतीस वर्षं ही बोट करत तरी काय होती? या एका प्रश्नाच्या मागं लागलं की डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी नावाचं यंत्र बरंचसं कळतं.

बेळगाव हे फौजेचं गाव. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत गेलं की पारावर एखादा निवृत्त सुभेदार भेटतोच. नौदल म्हटलं की मात्र आपल्याकडच्यांची धाव कारवारच्या सी-बर्डपर्यंत. पाणबुडी तर त्याहून लांबची. नौदलाच्या भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्यानं परवा विचारलं, “मामा, डिझेलवर चालतंय म्हणतासा, मग पाण्याखाली धूर कुठं जातोय?” पोरानं नेमकी नस पकडली होती. पाण्याखाली डिझेल चालतच नाही, हे त्याचं उत्तर.

डिझेल जळायला हवा लागते, आणि भरपूर लागते. कुरसुरामध्ये प्रत्येकी २,००० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिनं होती. पाण्याखाली ती सुरू केली असती तर आतल्या माणसांच्या वाटची हवा त्यांनी बघता बघता गिळून टाकली असती. म्हणून डिझेल चालवायची ती वर, हवेशी संबंध असताना. त्यांच्यावर जनित्रं फिरतात, जनित्रांवर बॅटऱ्या भरतात. बुडी मारली की इंजिनं बंद, आणि बोट पुढं ढकलणारा पंखा विजेच्या मोटारीवर. कुरसुरासारख्या जुन्या रशियन बोटींत पृष्ठभागावर असताना डिझेलची ताकद सरळ पंख्याच्या दांड्यालाही जोडता येई. आताच्या बोटींत तसं नसतं. तिथं पंखा कायम मोटारच फिरवते, डिझेलनं फक्त वीज बनवायची.

आपल्याकडं लाईट गेल्यावर घरात जो इन्व्हर्टर चालतो, त्याचाच हा राक्षसी अवतार. बॅटरीही बहुधा त्याच जातीची, शिसं आणि गंधकाम्लाची. घरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे आत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झालेल्या नव्या आयएनएस कलवरीत असे ३६० सेल आहेत. फरक एवढाच की तिथला एकेक सेल ७५० किलोचा. व्होल्टेज तेच, दोनच्या आसपास. गुणाकार केला तर निव्वळ बॅटरीचंच वजन २७० टन भरतं. एवढं वजन पोटाच्या तळाशी ठेवलेलं असल्यामुळं बोट सरळ राहायलाही त्याची मदत होते. बॅटरीवाला घरी आला की टोपण उघडून हायड्रोमीटर घालतो, ग्रॅव्हिटी बघतो, एखादा सेल ‘डाऊन’ आहे म्हणून मान हलवतो आणि डिस्टिल्ड वॉटर ओततो. पाणबुडीतही सेलची घनता, तापमान, पाणी हे सगळं बघत बसावं लागतं. ते काम करणारे खलाशी बुटक्या जागेत, जवळजवळ रांगत फिरतात.

आता वेगाची भानगड. पाण्यातून जाताना वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट नाही, साधारण आठपट लागते. म्हणजे बॅटरी आठपट लवकर संपणार. वेग दुप्पट झाल्यामुळं थोडी भरपाई होते, पण हिशेब केला तर एका चार्जिंगमध्ये जाता येणारं अंतर चौथ्या हिश्श्यावर येतं. दिवे, पंप, आवाजावरून शोध घेणारं सोनार यंत्र, स्वयंपाकाच्या शेगड्या यांचा खर्च वेगळाच. म्हणून पाणबुडीचा कमांडर कंजूष असावा लागतो. कुरसुरा पृष्ठभागावर ताशी १६ सागरी मैल जाऊ शकत होती, पण पाण्याखाली टेहळणी करताना असल्या वेगाचं नावही काढायचं नसतं. माणूस सावकाश चालतो तितक्या, कधी त्याहून थोड्या जास्त वेगानं ती सरकत राहते. एका जागी पडून ऐकत राहणं हेच तिचं मुख्य काम. पहिलं कोडं इथं अर्धं सुटतं. ती जितकी कमी चालते, तितकी जास्त वेळ लपून राहते.

पण कितीही काटकसर केली तरी बॅटरी कधीतरी उतरतेच. मग पुन्हा हवेसाठी वर यावं लागतं. संपूर्ण वर येणं म्हणजे शत्रूच्या हातात आयतं सापडणं. म्हणून पेरिस्कोप जेमतेम बाहेर निघेल इतक्या खोलीवर यायचं आणि एक नळी पाण्याच्या वर काढायची. हा स्नॉर्केल. त्यातून हवा आत येते, डिझेल सुरू होतं, आणि धूर दुसऱ्या वाटेनं समुद्रात सोडला जातो. भाच्याच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे.

स्नॉर्केलवर असताना लाट आली की नळीच्या तोंडावरची झडप आपोआप बंद होते, नाहीतर समुद्रच इंजिनात शिरेल. झडप बंद झाली तरी डिझेल लगेच थांबत नाही. ते बोटीच्या आतली हवा ओढू लागतं. आतला दाब झपकन उतरतो आणि सगळ्यांच्या कानाला दडे बसतात. लाट ओसरली की झडप उघडते, दाब परत चढतो. खवळलेल्या समुद्रात हा खेळ तासन्‌तास चालतो, आणि त्यातच कुणी झोपलेलं असतं, कुणी पोळ्या लाटत असतं.

कानांचं सोडा, खरी भीती वेगळी असते. डिझेलचा आवाज पाण्यातून दूरवर जातो. नळीचं टोक चांगल्या रडारवर दिसू शकतं. धूर गरम असतो. बॅटरीवर असताना जी बोट शोधणं महाकठीण, तीच चार्जिंगच्या वेळी उघडी पडते. एकूण वेळेतला किती वेळ असा उघड्यावर काढावा लागतो, यावर डिझेल-इलेक्ट्रिक बोटीचा कस लागतो. अणुऊर्जेवरच्या पाणबुडीला ही कटकट नाही, ती महिनोन्‌महिने खाली राहू शकते. तिला थंड ठेवणारे पंप मात्र सारखे चालू ठेवावे लागतात, त्यामुळं पूर्ण शांत होणं तिला जड जातं. बॅटरीवर पडून राहिलेली डिझेल-इलेक्ट्रिक बोट तिच्याहून शांत असते. उथळ किनाऱ्याजवळ तर तिचं फारच चांगलं चालतं. म्हणूनच हे ‘जुनं’ तंत्र आजही मोडीत निघालेलं नाही. जे लोक त्याला सरसकट कालबाह्य म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही.

कुरसुराकडं परत येऊ. ती सोव्हिएत संघात बांधलेली, नाटोनं ‘फॉक्सट्रॉट’ हे नाव दिलेल्या जातीची. रिगा इथं ती आपल्या ताब्यात आली. लांबी ९१ मीटर, टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून सोडायचे स्फोटक बाण; ते सोडायला पुढं सहा आणि मागं चार अशा दहा नळ्या, आणि एकूण २२ टॉर्पेडो. या जातीची आपली पहिली बोट, जुनी कलवरी, ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली होती. ८ डिसेंबर हा दिवस नौदल अजून पाणबुडी दिन म्हणून पाळतं. तिच्यामागून खांदेरी आली. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ज्या बेटावर किल्ला उभारला, त्याचंच हे नाव. मग करंज, आणि चौथी कुरसुरा. फेब्रुवारी १९७० मध्ये कुरसुरा मायदेशी निघाली तेव्हा सुएझ कालवा १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून बंद होता. म्हणून युरोपचा किनारा धरून, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून तिला यावं लागलं. तिच्या आयुष्यातल्या मैलांचा मोठा घास या एका प्रवासानं घेतला असणार.

मग १९७१. कुरसुराचे कमांडर होते अरुण ऑडिटो. युद्ध जाहीर होण्याआधीच, १३ नोव्हेंबरला ती अरबी समुद्रात गस्तीला निघाली. हुकूम असा की पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याच्या फार जवळ जायचं नाही, आणि स्पष्ट आदेश आल्याशिवाय किंवा स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटलं आणि ४ डिसेंबरला ती ठरल्याप्रमाणे मुंबईला परत आली. तिच्या जागेवर करंज गेली होती. एवढ्या गस्तीत एकही टॉर्पेडो सुटला नाही. हे वाचून काहीजण हिरमुसतात. मला त्यात हिरमुसण्यासारखं काही दिसत नाही. पाणबुडी आहे एवढ्या संशयानंसुद्धा समोरच्याला आपली जहाजं कुठून न्यायची याचा फेरविचार करावा लागतो.

याची दुसरी बाजू आपणच भोगली. पाकिस्तानची गाझी ही मूळची अमेरिकन पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या मागावर बंगालच्या उपसागरात शिरली होती. त्या वेळी एवढ्या लांबवर जाण्याचा पल्ला त्यांच्या या एकाच पाणबुडीकडं होता. आपल्याला विक्रांत अंदमानकडं दूर ठेवावी लागली आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा देखावा उभा करावा लागला. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या बाहेर नव्वदहून जास्त माणसांसह बुडाली. आयएनएस राजपूत या आपल्या जहाजानं टाकलेल्या डेप्थ चार्जमुळं, म्हणजे पाण्यात खोलवर जाऊन फुटणाऱ्या स्फोटकांमुळं, असं आपलं म्हणणं. तिनंच पेरलेले सुरुंग फुटले, असं त्यांचं. पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात हंगोर या त्यांच्या फ्रेंच बनावटीच्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना होती. पुढं कित्येक दिवस शोध घेऊनही हंगोर निसटली. बॅटरीवर गप्प पडून राहणारी बोट सापडत नाही म्हणजे काय, याचा हा आपल्याला बसलेला चटका.

युद्धानंतरचं कुरसुराचं आयुष्य फारसं कुणी सांगत नाही, पण बारा किलोमीटरच्या कोड्याचा उरलेला अर्धा भाग तिथंच आहे. सत्तरच्या दशकात सुटे भाग मिळेनात. वागली ही दुसरी बोट चालती ठेवायची म्हणून कुरसुराचे भाग काढून तिला बसवले गेले. त्यानंतर ती काही वर्षं नुसती उभी होती. १९८० मध्ये तिला मोठ्या दुरुस्तीसाठी सोव्हिएत संघात नेलं, ती १९८२ मध्ये बाहेर आली.

ही मोठी दुरुस्ती, नौदलाच्या भाषेत रिफिट, म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला टाकणं नव्हे. तीनशे मीटर खोलीवर सांगाड्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टनांचा भार येतो. वर आलं की तो जातो, पुन्हा खाली गेलं की पुन्हा येतो. पोलाद असं वर्षानुवर्षं दाबलं आणि सोडलं जातं. सांगाड्याला जिथं जिथं भोक आहे, म्हणजे टॉर्पेडोच्या नळ्या, पाणी आत-बाहेर घेणाऱ्या झडपा, पंख्याचे दांडे, पेरिस्कोप, तिथं तिथं समुद्र आत यायला टपलेला असतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत व्हॉल्व्हची कास्टिंग काढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. हायड्रो टेस्टला थेंबभर पाझर दिसला तर माल रिजेक्ट होतो, हे ते रोज बघतात. पाणबुडीत अशा शेकडो झडपा सोडवायच्या, तपासायच्या, बदलायच्या. मैलोन्‌मैल केबली बघायच्या. सगळे सेल बाहेर काढून नवे भरायचे. सिंधुकीर्ती या आपल्या रशियन बनावटीच्या पाणबुडीचं रिफिट विशाखापट्टणमच्या गोदीत २००६ मध्ये सुरू झालं आणि २०१५ मध्ये संपलं. नऊ वर्षं! तेव्हा एखादी पाणबुडी ‘तीस वर्षं सेवेत’ होती असं वाचलं की त्यातली गोदीतली वर्षं मनातल्या मनात वजा करायची सवय लावून घ्यावी. ताफ्यात किती बोटी आहेत यापेक्षा आज समुद्रात किती आहेत, हा प्रश्न जास्त कामाचा.

बॅटरीची एक काळी बाजूही आहे. चार्जिंग पूर्ण होत आलं की शिसं-आम्लाच्या सेलमधून हायड्रोजन निघतो. घरात खिडकी उघडी असते, वायू उडून जातो. बंद बोटीत तो साठला आणि हवेत चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून हायड्रोजन मोजणारी यंत्रं आणि हवा खेळवणारे पंखे अखंड चालू ठेवावे लागतात. दुसरं संकट खाऱ्या पाण्याचं. समुद्राचं पाणी सेलमध्ये शिरलं तर विषारी क्लोरीन तयार होतो.

फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला सिंधुरक्षक या पाणबुडीच्या बॅटरी कप्प्यात आग लागून एक नौसैनिक गेला. बोट दुरुस्तीला रशियात गेली, नवी होऊन आली, आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटेआधी मुंबईच्या गोदीत स्फोटांनी बुडाली. त्यात अठरा जण गेले. या वेळचं कारण बॅटरी नव्हे, पुढच्या भागातला दारूगोळा फुटला होता. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न या पाणबुडीवर आग आणि धूर झाला, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. असं आपल्याकडं क्वचितच घडतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हवेसाठी वर येण्याची कटकट कमी करण्याचा एक मार्ग आहे: हवेशिवाय वीज बनवणारी यंत्रणा बोटीतच बसवायची. तिचं इंग्रजी लघुरूप एआयपी. डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेनं इंधन-घटावर (फ्युएल सेलवर) चालणारी अशी यंत्रणा बनवली असून मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. नव्या कलवरीच्या जातीच्या बोटींत, मोठ्या दुरुस्तीच्या वेळी, ती बसवायची योजना आहे. त्यासाठी बोट मधोमध कापून तिच्यात एक नवा तुकडा जोडावा लागतो. एआयपीमुळं स्नॉर्केल न काढता राहण्याचा काळ दिवसांवरून आठवड्यांवर जातो. मात्र तिची ताकद थोडी असते. सावकाश जाण्यापुरती ठीक, पण शत्रू मागं लागला आणि पळायचं झालं तर पुन्हा बॅटरीच उपसावी लागते.

निवृत्तीनंतर कुरसुरा विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत ओढून आणली आणि २००२ मध्ये तिचं संग्रहालय झालं. आपल्याकडची मंडळी आंध्रच्या सहलीला गेली की अरकूची दरी बघतात आणि ही पाणबुडी ‘बाहेरून पाहिली’ म्हणून परततात. तिकीट काढून आत जावं. सात कप्पे आहेत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल भोकातून आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय. दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात पायाखाली बॅटऱ्या होत्या, पाचव्यात डिझेल, सहाव्यात मोटारी. टॉर्पेडोच्या शेजारी झोपायच्या फळ्या. पंचाहत्तरच्या आसपास माणसं इथं राहत, आणि गोडं पाणी इतकं मोजून मिळे की अंघोळीचं नाव नको. घोरणाऱ्या माणसाचं इथं काय होत असेल, हा प्रश्न मला आत गेल्यावर पहिल्यांदा पडला.

भाच्यासारख्या पोरांसाठी थोडं कामाचं. नौदलात भरती झालेला प्रत्येक जण पाणबुडीवर जात नाही. तिथं स्वतःहून नाव द्यावं लागतं, वैद्यकीय तपासणी कडक असते, आणि बंद जागेत माणूस कसा टिकतो हेही बघतात. प्रशिक्षण विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनमध्ये होतं. बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर कसं पडायचं हे शिकवणारं ‘विनेत्र’ हे केंद्र २०२३ मध्ये तिथंच सुरू झालं. पाण्यानं भरलेला पाच मीटर उंच मनोरा आणि त्याला जोडलेला तलाव अशी त्याची रचना आहे. प्रशिक्षणानंतर बोटीवर जाऊन तिची प्रत्येक झडप, प्रत्येक पाइप कुठून कुठं जातो हे पाठ करावं लागतं. मग स्वयंपाकी असो की अधिकारी, अंधारात हाताला येईल ती झडप ओळखता आली पाहिजे. या परीक्षेत पास झाल्यावरच छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो.